नाल्याच्या अलीकडचा मका

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आजही पेरणी केली नाही. नाल्याकडचं पंधरा गुंठ्यांचं रान तयार आहे, वापसा येऊन पेरणीजोगी ओल आहे, बियाणं घरात येऊन पडलंय. वैष्णवी दोनदा विचारून गेली, आत्याबाई, पेरायचं कवा. म्हटलं, राजेश्री पेरील त्या दिवशी. सून आहे, पुढं काही विचारलं नाही.

वही लिहायची सवय मला मक्यानंच लावली. चार वर्षांपूर्वी आमच्या बायांच्या गटानं पहिल्यांदा मका केला तेव्हा पेरणी कधी, पाणी किती, अळी कोणत्या आठवड्यात पडली, सगळं मीच लिहायची. गटात बारावी झालेली मी एकटी. आता गटाचा मका माझ्या वहीत येत नाही, म्हणून जे घडलं ते एकदा नीट उतरवून ठेवते.

आमच्या गावाला कालव्याचं पाणी सगळ्यात शेवटी येतं. सोयाबीन दरवर्षी काढणीच्या वेळी पावसात सापडायचं. मी पाथरीला एका शिबिरात गेले होते, तिथून रब्बीच्या मक्याचं डोक्यात घेऊन आले. ठिबक घालायचं, धाटं जाळायची नाहीत, बारीक करून रानातच पसरायची. माझ्यासकट अकरा बाया गोळा करायला मला दोन महिने लागले. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर दारोदार हिंडली ती राजेश्री. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आलो. तिची बाळंतपणं मी केली, माझी तिनं. सिमेंटचं खळं बांधलं, दाण्याची ओल मोजायचं यंत्र घेतलं, कोंबडीखाद्यवाले मानवतच्या बाजाराऐवजी थेट आमच्या खळ्यावर यायला लागले. जमिनीत गांडुळं दिसायला लागली तेव्हा आम्ही दोघी लहान पोरींसारख्या उकिडव्या बसून बघत होतो.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सव्वीस दिवस मी परभणीला दवाखान्यात होते. त्याच दिवसांत बियाणे कंपनी गावात आली. पांढऱ्या मक्याचं बियाणं तयार करायचं, दाण्यापेक्षा कितीतरी मोलाचं काम. याची वाट मी दोन वर्षं बघत होते, अर्जही मीच केला होता. बैठकीत राजेश्री म्हणाली, "विजयमालाचं ध्यान आता नवऱ्याच्या दुखण्यात हाय, तिला कामून ताप द्यायचा?" सगळ्यांनी माना हलवल्या. ती अध्यक्ष झाली. माझं रान सोडून बाकी दहाजणींची नऊ एकर बियाण्यात घेतली.

हे मी सहन केलं असतं. पण आठवड्याभरानं पेपरात तिचा फोटो आला. खाली छापलं होतं, मक्याची वाट गावाला मीच दाखवली. दवाखान्यातल्या शेजारच्या बाईनं पेपरात बांधून चिवडा दिला होता. त्यात मी ते वाचलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पेरला.

सकाळी नाल्यापलीकडं ट्रॅक्टर दिसला तशी वैष्णवीला घेऊन निघाले. दोघींनी टोकून दुपारपर्यंत संपवलं. आमचा मका पिवळा आहे, दुकानात मिळतो तो साधा. त्यांचा पांढरा.

कंपनीचा माणूस भुजंग मागच्या वर्षी मला स्वतः सांगून गेला होता. बियाण्याच्या प्लॉटपासून दोनशे मीटरच्या आत दुसरा मका नको. त्याच्या तुऱ्याची भुकटी वाऱ्यानं येऊन बसली की बियाणं बाद. माझं रान प्लॉटपासून ऐंशी पावलांवर आहे. मधे फक्त कोरडा नाला. माझ्या रानात मी काय पेरावं हे कोणी मला सांगू शकत नाही. तिच्याशी भांडण नाही, शिव्या नाहीत, तक्रार नाही. तिनं जसं गोड बोलून माझं नाव खोडलं, तसंच मी गप्प बसून तिचं खोडणार.

यांना खुर्चीत बांधावर बसवलं होतं. आम्ही पेरत होतो तर सारखे "नको, नको" म्हणत होते. आता यांच्याकडं दोनच शब्द उरलेत, हां आणि नको. चहाला नको, पांघरुणाला नको, डॉक्टरलाही नको. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

भुजंग आला. मका वीतभर झालाय. बांधावर उभा राहून त्यानं आधी नाला पाहिला, मग मका, मग मला.

"काकू, हा मका कशाचा?"

"चाऱ्याचा. दोन म्हशी हायत."

"तुरा यायच्या आधी कापताल ना?"

"चारा तुऱ्यावर येऊस्तोर कोण ठेवतंय?"

त्याचा जीव भांड्यात पडला. कागदावर काहीतरी लिहिलं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत कापायचं असं माझ्याकडून वदवून घेतलं, चहा पिऊन गेला. बिचारा जाताना यांच्यासाठी मालिशच्या तेलाचं नाव सांगून गेला. इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते, आणि ते इतकं सोपं असतं हेही माहीत नव्हतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

आज वेळा अमावस्या, सगळं गाव रानात जेवायला होतं. दरवर्षी गटाच्या सगळ्या बाया एका ठिकाणी जेवतात आणि आंबील माझ्या हातचं असतं. यंदा आम्ही तिघंच आमच्या बांधावर बसलो. वैष्णवीला पलीकडून हाका आल्या. ती माझ्याकडं बघत होती. जा म्हटलं. मुलगा योगीराज चाकणला कंपनीत, सणालाही रजा नाही. ही पोर तरी किती दिवस म्हाताऱ्यांत बसणार?

येळवशीची मिसळभाजी, भज्जी, मी पहिल्यांदा खारट केली.

दुपारी राजेश्री स्वतः नाला उतरून आली. हातात आंबिलाचा तांब्या. माझ्याशी बोलली नाही. यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "भाऊजी, जरा घ्या." हे प्याले. सगळ्या जगाला नको म्हणणारा माणूस तिच्या हातचं घटाघटा प्याला, मला त्याचाच राग आला. मग यांनी गुडघाभर झालेल्या मक्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि जोरानं म्हणाले, "नको." तिला वाटलं आणखी आंबील नको. पदरानं तोंड पुसून दिलं आणि गेली.

खरं लिहायचं तर ती जाताना मला क्षणभर हाक मारावी वाटली. काय म्हणून मारली असती, माहीत नाही. मग पेपरातला फोटो आठवला. आठवायला फार वेळ लागला नाही.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

आज बांधावर उभी राहून पदर सोडून बघितला. वारा आमच्याकडून नाल्याकडंच जातोय.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

हळदीकुंकवाला कोणाकडं गेले नाही. संध्याकाळच्या आत राजेश्रीच वाण घेऊन दारात आली. मी कुंकू लावून घेतलं. सवाष्णीला दारातून परत पाठवत नाहीत, म्हणून.

ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "विजू, मका कवा कापायचीस?"

"कापीन."

"भुजंगला उद्याची तारीख दिली हायस."

"एक म्हैस गाभण हाय. कोवळा चारा तिला सोसना."

माझं मलाच हसू येईल असं कारण होतं. ती हसली नाही. म्हणाली, "तुला कायतरी बोलायचं असलं तर बोल मला."

"मी काय बोलू? माझं ध्यान आता नवऱ्याच्या दुखण्यात हाय."

तिचं तोंड पांढरं पडलं. चार महिने मी हे वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच दोनदा ते म्हणून बघितलं. वैष्णवी पोळ्या लाटत होती, तिनं मान वर केली नाही.

१८ जानेवारी, रविवार

तुरे आले! पहिल्या ओळीत एकोणीस, दुसऱ्या ओळीत चौदा. मी मोजून आले. अजून मिटलेले आहेत, पाच-सात दिवसांत उमलतील. पलीकडं त्यांच्या मादी ओळींतले तुरे बाया रोज सकाळी उपटतायत, म्हणजे कणसांवर फक्त नर ओळींची भुकटी बसावी. त्या कणसांचे केस बाहेर पडतील तेव्हा त्यांच्यावर बसायला माझ्या मक्याची भुकटी तयार असेल. इतका नेम धरून मी कधीही काही पेरलं नव्हतं.

वैष्णवी त्याच कामाला जाते. तिथं गेल्यावर कोण काय बोलतं हे मी विचारलं. म्हणाली, कोणी काही बोलत नाही. मला हे पटलं नाही. घाबरली असतील, म्हणून बोलत नसतील.

आज जेवताना मनात सगळं रंगवून झालं. भुजंग प्लॉट बाद करतो, बाया राजेश्रीला घेरतात, पेपरवाला परत येतो आणि विचारतो, वाट दाखवणारी कुठंय? मग कोणीतरी म्हणतं, विजयमालाबाईला बोलवा. हे मी तीनदा रंगवलं. तिसऱ्यांदा मी यायला नकार दिला.

२१ जानेवारी, बुधवार

काहीतरी बिनसलंय. घराकडच्या ओळींत तुरे होते, ते दिसत नाहीत. शेंडे फाटल्यासारखे झालेत. पार नाल्याकडं मात्र डोलतायत. लष्करी अळीच असणार, पोंग्यात शिरून तुरा खाते. मानवतला दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, थंडीत अळी इतकी नसते, तरी औषध घेऊन जा. चार वर्षांत माझ्या मक्याला अळीनं असं कधी लुटलं नाही. आताच बरी आली. तीही राजेश्रीच्या बाजूची.

वैष्णवी म्हणाली, "फवारणी मी करते आत्याबाई. तुमी रानात येऊ नका, औषधाचा वास तुमाला सहन व्हईना." सून शेवटी माझीच आहे. तिला सगळं सांगावं वाटलं, सांगितलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

तानुबाई आली. गटातली सगळ्यात वयस्क, नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. तिचं वीस गुंठ्यांचं रान नाल्याला लागूनच, माझ्या रानाच्या बरोबर समोर. काठी टेकत नाला चढून आली होती, दम लागला होता.

म्हणाली, भुजंग परवा परत येणार आहे, तुझ्या मक्यावर तुरे दिसले तर माझा तुकडा आधी जाईल. मी म्हटलं, त्या दिवशी बैठकीत तुमी बी मान हलवलीत.

"हलवली," म्हणाली.

चहा केला तो प्याली. कप धुवून पालथा घातला आणि गेली. माफी मागितली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. आता दिवसभर ते उत्तर माझ्याच डोक्यात फिरतंय.

तिनं नको होतं तिथं रान घेतलं यात माझा काय दोष? लिहिलं आणि वाचलं. तिनं घेतलेलं नाही, तिच्या सासऱ्याचं आहे. तरी खोडत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

एक चांगली गोष्ट लिहिते. हे चालायला लागलेत. दहा दिवस झाले, वैष्णवी कामाला जायच्या आधी सकाळी यांचा हात धरून रानापर्यंत नेते. डॉक्टरनं रोज चालवा म्हटलंय. पहिल्यांदा चिंचेपर्यंत जायचे, आता तास-दीड तास बाहेर असतात. येतात तेव्हा घामाघूम, पण तोंडावर तेज. डावा हात पार ओरखडलाय. मक्याचं पान कापतं हे विसरलेत, कडेनं चालायचं कळत नाही. सदऱ्यावर पिवळी धूळ असते आणि घरी आल्यावर शिंकत बसतात. आज मी खोबरेल लावलं हाताला. यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात ओढून घेतला.

म्हशींपुढंही तुऱ्यांचे ढीग असतात. प्लॉटवरचे उपटलेले तुरे वैष्णवी घेऊन येते. राजेश्रीचे तुरे माझ्या म्हशी खातात, हेही काही कमी नाही.

भुजंग काल येऊन गेला. प्लॉटमधल्या बायांशी बोलला, माझ्याकडं आला नाही. नाल्याकडच्या माझ्या ओळींचे फोटो काढले म्हणे.

२९ जानेवारी, गुरुवार

आज धुई पडली होती. हे टोपी विसरून गेले म्हणून टोपी घेऊन मागं गेले.

रानात दोघांचा आवाज नव्हता, नुसता कटकट आवाज होता. आत शिरले. हे एका ताटाला खांदा लावून उभे होते. डाव्या हातानं शेंडा खाली वाकवला, दातात पान धरलं आणि तुरा उपटला. उपटून वैष्णवीच्या टोपलीत टाकला. मग पाय ओढत पुढच्या ताटाकडं. टोपली अर्धी भरली होती. रानातल्या तीन हिश्शांतल्या दोन हिस्से ओळी बोडक्या झालेल्या. शेवटच्या आठ ओळी तेवढ्या नाल्याकडच्या उरलेल्या, तिथल्या गारव्यानं उशिरा, आजच उमललेल्या.

अळी नव्हतीच.

वैष्णवीनं मला बघून टोपली खाली ठेवली. विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून? राजेश्रीच्या?"

"न्हाई आत्याबाई. त्यांना काहीच म्हाईत न्हाई. बाबांनीच मला हाताला धरून आणलं. पहिल्या दिवशी एक तुरा उपटून माझ्या हातात दिला अन् लय रडले."

"मग नाल्याकडून कामून सुरू केलं न्हाई? तिकडूनच धोका होता ना त्यांना?"

ती खाली बघत म्हणाली, "तिकडून प्लॉटवरच्या बायांना दिसलं असतं. घरातल्यांनीच तुमच्या विरोधात केलं, असं गावात झालं असतं."

मी टोपली उलटी केली. तुरे पायाखाली तुडवले. त्या दोघांना घरी पाठवलं आणि आठ ओळींच्या तोंडाशी बसून राहिले. धुई उठली, ऊन पडलं. तुऱ्यांना वाऱ्याचा धक्का लागला की पिवळी भुकटी धुरासारखी उडत होती. नाल्यावरून पलीकडं जात होती. मी बघत होते. मला बरं वाटायला हवं होतं.

३० जानेवारी, शुक्रवार

आजही राखण केली. कोणी तुऱ्याला हात लावायला आलं नाही. हे समोरच्या बांधावर येऊन बसले. चार तास. टोपी घातली नव्हती. मीही दिली नाही.

वैष्णवीनं दोघांना वेगवेगळ्या डब्यात भाकरी आणून दिली.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी उठले आणि सरळ नाला ओलांडून प्लॉटवर गेले. माझ्या मनात होतं की आज तिच्या तोंडावर सगळं बोलायचं आणि तिचं झालेलं नुकसान तिला बोट दाखवून दाखवायचं. राजेश्री नर ओळीच्या कडेला होती. हातमोजे काढून माझ्यासमोर उभी राहिली. बाकीच्या बाया थांबल्या.

मी विचारलं, "कंपनीवाले माझ्यासाठी थांबले न्हाईत का तू थांबवलं न्हाईस? एवढंच सांग. मग मी जाते."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मुदतीचं काहीतरी सांगेल. तिनं तसं केलं नाही.

"त्यांनी पंधरा दिवस दिले होते. विजयमालाबाई आल्यावर सही करू म्हणले होते. मीच म्हणले, गरज न्हाई."

"कामून?"

"चार वर्षं जो येतो तो म्हणतो, विजयमालाबाईचा मका. मी बी उन्हातान्हात तेवढीच राबले की. एक डाव माझं नाव यावं वाटलं." मग जरा थांबून म्हणाली, "तू दवाखान्यात गेलीस ना, तवा मला आधी बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं. आधी बरं वाटलं विजू."

हे ऐकायला मी पाच महिने तयारी केली होती, आणि यातलं एकही वाक्य माझ्या तयारीत नव्हतं. मी म्हटलं, "हे ह्या सगळ्यांना सांग. आत्ता."

तिनं बायांना बांधावर बोलावलं. नऊजणी आल्या, तानुबाई सगळ्यात मागं. राजेश्रीनं जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही. आधी बरं वाटलं तेही सांगितलं. तिचा आवाज एकदा फुटला, तेव्हा तिनं खाकरून घेतलं आणि पुढं बोलली. पेपरातलंही सांगितलं, की पेपरवाल्यानं तसं छापलं नाही, मीच तसं म्हणले होते. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ते खाली गेलेलं बघायचं होतं मला, आणि ते खाली गेलं.

तिनं मला तुरे काढ असं म्हटलं नाही. कोणीच म्हटलं नाही. मी परत आले आणि आठ ओळी एकटीनं काढल्या. वैष्णवी आली तिला परत पाठवलं. पलीकडून दोघी बाया यायला निघाल्या, त्यांनाही हातानंच नको म्हटलं. दुपार टळून गेली. हे बांधावर बसून होते.

राग गेला असं नाही. तिला बघितलं की अजून तोंड फिरवावं वाटतं. पण घरी आले आणि मला एवढी भूक लागली की उभ्यानंच तीन भाकऱ्या खाल्ल्या. पाच महिन्यांत मी पोटभर जेवले नव्हते, हे तेव्हा कळलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आमचा मका कापला. कणसासकट कुट्टी करून पिशव्यांत दाबून भरला, मुरघास होईल. मानवतचा एक डेअरीवाला बघून गेला. म्हणाला, उन्हाळ्यात असा चारा मिळाला तर सगळा घेतो, गटानं करा. त्याला राजेश्रीचा नंबर दिला. माझाही दिला.

आमचे हे आज "म्हैस" म्हणाले.

२४ मार्च, मंगळवार

प्लॉटची कणसं खळ्यावर आली. भुजंगबरोबर कंपनीचे दोघे तपासायला आले होते. मी जाणार नव्हते, पण ओलीचं यंत्र माझ्याशिवाय कोणाला नीट येत नाही म्हणून राजेश्रीनं वैष्णवीजवळ निरोप दिला. गेले. तिनं यंत्र माझ्याकडं सरकवलं, मी आकडे सांगत गेले, ती लिहीत गेली.

नऊजणींचा माल पास झाला. पुढच्या वर्षी दुप्पट रान घेऊ असं कंपनीवाले म्हणाले. मग तानुबाईचा ढीग आला. भुजंगनं एक कणीस सोललं. पांढऱ्याशुभ्र दाण्यांत मधेच पिवळे दाणे. दुसरं सोललं, त्यातही. पाचव्या कणसानंतर त्यानं सोलणं थांबवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, नाल्याकडचा हा तुकडा बियाण्यात घेता येत नाही. बाजारात दाणा म्हणून घाला.

दोन दिवस. एकोणतीस आणि तीस. मी राखण करत बसले होते तेवढेच दोन दिवस.

सगळे दुसऱ्या ढिगाकडं गेले. मी तानुबाईजवळ बसले आणि तिला सांगितलं. अळीचं, यांनी आणि वैष्णवीनं तुरे काढल्याचं, मी टोपली उलटी केल्याचं, भुकटी पलीकडं जाताना बघत बसल्याचं. पुढच्या हंगामात माझी घराकडची दोन एकर बियाण्यात घालून त्यातल्या निम्म्या मालाचे पैसे तुमाला देते, म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. एक कणीस हातात होतं, त्यातले पिवळे दाणे नखानं काढून वेगळे ठेवत होती.

मग तिनं विचारलं, "तुझं अन् राजेश्रीचं मिटलं का?"

खोटं बोलता आलं असतं. "न्हाई," म्हटलं.

"मग माझा मका कशापायी गेला?"

ती रागानं म्हणाली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी ढिगातलं एक कणीस उचललं. कणसं सोलत गेले, पांढरे एकीकडं, पिवळे एकीकडं.